तीन पिना, एक शाफ्ट आणि काकांचा दुपट्टा

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. मी केजीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठी आमच्याकडे घरी बोलायची आणि शाळेत पास होण्यापुरती लिहायची भाषा होती. मराठी विभागासाठी लेख दे म्हणून मागे लागलेल्या मैत्रिणीला मी सांगितलं, "कविता जमणार नाही, प्रेमावर तर नाहीच. ट्रॅक्टरवर लिहू का?" ती हसली आणि म्हणाली, "लिही." तर मित्रमैत्रिणींनो, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला आणि वाचा.

गोष्ट गेल्या मे महिन्यातली. सबमिशन, व्हायवा, पेपर सगळं आटोपून मी गणेशपेठ स्टँडवरून काटोलची एसटी पकडली. काटोलच्या पुढे मामाचं वावर आहे. काटोल, नरखेड, तिकडे वरूड हा सगळा पट्टा संत्र्याचा. मामाला यंदा एक एकर नवीन बाग लावायची होती. दोन झाडांत ६ मीटर आणि दोन ओळींत ६ मीटर अंतर ठेवलं तर एका एकरात साधारण ११२ झाडं बसतात. म्हणजे ११२ खड्डे. एकेक खड्डा पाऊण मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि तेवढाच खोल. खड्डे उन्हाळ्यात खोदून उन्हात तापू द्यायचे, मग शेणखत-माती भरून ठेवायची आणि पाऊस लागला की कलमं लावायची, अशी रीत. त्यामुळे मृग लागायच्या आत सगळं व्हायला हवं. खोदायला माणसं मिळेनात, कारण सगळ्या गावाला ती एकाच वेळी हवी असतात.

मामाने यावर उपाय शोधला होता. तारेच्या कुंपणाचं काम करणाऱ्या एका ठेकेदाराकडून त्याने भंगाराच्या भावात एक जुना पोस्ट होल डिगर उचलून आणला होता. मी पोचले तेव्हा ते यंत्र बाभळीखाली गंजत पडलं होतं. मामा म्हणाला, "हे पाय, तुले कॉलेजात हेच शिकवते ना? मंग लाव आता ट्रॅक्टरले."

थर्ड इयर मेकॅनिकल. नाही कसं म्हणणार?

हे यंत्र असतं तरी काय?

कॉम्प्युटर आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. सुताराचं गिरमिट पाहिलंय ना? तसंच माणसाच्या छातीएवढं उंच गिरमिट, त्याला ऑगर म्हणतात. आमचा ऑगर १८ इंची होता. त्याच्या डोक्यावर गिअरबॉक्स. हा गिअरबॉक्स एका लांब लोखंडी दांड्याच्या, म्हणजे बूमच्या, टोकाला एका पिनेवर लोंबकळतो. बूमचं दुसरं टोक ट्रॅक्टरला जोडायचं. आणि ट्रॅक्टरच्या मागे जो फिरता दांडा बाहेर आलेला असतो, पीटीओ, त्याच्यापासून गिअरबॉक्सपर्यंत एक शाफ्ट. बस्स, एवढंच.

पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरतो. गिअरबॉक्स त्याचे साधारण तिसरा हिस्सा करतो, म्हणजे ऑगर १८० फेरे. वेग तिसरा हिस्सा झाला की टॉर्क तिप्पट होतो. आमचा ट्रॅक्टर ३५ एचपीचा. त्यातले ३० एचपी पीटीओवर येतात असं धरलं, तर पीटीओवर साधारण ३९० न्यूटन-मीटर आणि ऑगरवर ११७० न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो. आकडा डोळ्यांपुढे येत नसेल तर असं समजा: एक मीटर लांब पान्याच्या टोकाला १२० किलोचा पैलवान लटकला आहे. हा पैलवान लेखात पुढे परत येणार आहे, त्याला विसरू नका.

तीन पिना

ट्रॅक्टरच्या मागे खाली दोन हात आणि वर मधोमध एक जोड असतो. याला थ्री पॉइंट लिंकेज म्हणतात. हॅरी फर्ग्युसन नावाच्या आयरिश माणसाने १९२६ साली ब्रिटनमध्ये याचं पेटंट मिळवलं. आपल्याकडे ज्या ट्रॅक्टरला सगळे नुसतं "मॅसी" म्हणतात, त्या मॅसी फर्ग्युसनमधला फर्ग्युसन तो हाच. त्याच्या आधी नांगर ट्रॅक्टरच्या मागे गाडीसारखा ओढत नेत. नांगर दगडाला अडकला की ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं जाऊन तो चालकावर उलटायचा. फर्ग्युसनने अवजार तीन ठिकाणी धरलं आणि ट्रॅक्टरच्याच अंगाचा भाग करून टाकलं. आज हिंगण्याच्या महिंद्राच्या कारखान्यातून ट्रॅक्टर बाहेर पडतो, त्याच्या मागेही हीच तीन टोकं असतात.

डिगरचं बूम टॉप लिंकच्या जागी वर बसतं. खालचे दोन हात एका यू आकाराच्या चौकटीला जोडायचे. ही चौकट बूमला मध्यावर धरते. हात वर गेले की बूम वर, हात खाली आले की बूम खाली.

आमची पहिली अडचण इथेच आली. डिगरच्या खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या होत्या आणि ट्रॅक्टरच्या हातातली भोकं २८ ची. पहिलं माप कॅटेगरी वन, दुसरं कॅटेगरी टू. मामाने पाण्याच्या पाइपाचा तुकडा कापून मधे घालायचा सल्ला दिला. पण पातळ पाइप दोन दिवसांत चेपतो, पिन खडखडायला लागते आणि कधीतरी तुटते. काटोलच्या दुकानात याच कामाचे तयार बुश मिळतात. ते आणले.

मग दोन छोट्या पण महत्त्वाच्या गोष्टी. एक, ट्रॅक्टरच्या मागची ट्रॉली ओढायची पट्टी काढून ठेवली, नाहीतर बूम खाली आल्यावर शाफ्ट तिच्यावर घासतो. दोन, खालच्या हातांच्या बाजूच्या साखळ्या ताणून घेतल्या, नाहीतर यंत्र म्हशीच्या शेपटीसारखं डावी-उजवीकडे झुलतं. तिन्ही पिनांना लिंच पिन लावल्या. अर्ध्या तासात यंत्र जोडलं गेलं आणि मी स्वतःवर भयंकर खूश झाले.

शाफ्टची लांबी

शाफ्ट म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या. बूम वर-खाली होताना अंतर बदलतं, म्हणून तो लांब-आखूड होणारा हवा. मी ऑगर जमिनीवर टेकवला, शाफ्ट चढवला. आरामात बसला. दाबून पाहिलं तर अजून जागा शिल्लक. मी म्हटलं, झालं.

संध्याकाळी गावातले वेल्डिंगवाले मिस्त्री आले. त्यांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, "ताई, ऑगर काढा. मंग बूम पूर्ण खाली सोडून पाहा."

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो तेव्हा! ऑगर जमिनीवर उभा असतो तेव्हा गिअरबॉक्स छातीएवढा उंच असतो. तो खरा खाली जातो खड्डा खोदून झाल्यावर. म्हणजे शाफ्टची खरी परीक्षा पहिल्या खड्ड्याच्या तळाशी होणार, इंजिन चालू असताना.

कागदावर त्रिकोण काढा. एक कोपरा पीटीओ, दुसरा त्याच्या वर असलेला बूमचा खिळा, तिसरा गिअरबॉक्स. पहिल्या दोन कोपऱ्यांतलं अंतर पक्कं, बूमची लांबी पक्की. बूम खाली आलं की या दोन बाजूंमधला कोन कमी होतो, म्हणून समोरची बाजू, म्हणजे शाफ्ट, आखूड व्हावी लागते. दहावीची भूमिती! आम्ही टेपने मोजलं. पूर्ण वर असताना १६३ सेंटिमीटर, पूर्ण खाली १४८. आणि आमचा शाफ्ट पूर्ण मिटवला तरी १५१ सेंटिमीटर. तीन सेंटिमीटर जास्त. चालू कामात नळी नळीच्या बुडाशी आपटली असती आणि सगळा दाब एकीकडे गिअरबॉक्सच्या, दुसरीकडे ट्रॅक्टरच्या पीटीओच्या बेअरिंगवर गेला असता. डिगर भंगाराचा होता, ट्रॅक्टर नव्हता. त्याचे हप्ते चालू आहेत.

उपाय सोपा आहे. दोन्ही नळ्यांतून सारखाच तुकडा कापायचा. आम्ही ६-६ सेंटिमीटर कापलं, म्हणजे सगळ्यात खालीही ३ सेंटिमीटर जागा शिल्लक राहिली. कडा कानशीने घासल्या, ग्रीस लावलं. उलटी चूकही करू नका हं. फार कापलं तर बूम वर उचलल्यावर नळी नळीत पुरेशी राहत नाही. निदान एक तृतीयांश तरी आत राहायलाच हवी.

आता माझी पाळी

शाफ्ट उघडलाच होता म्हणून मी दोन्ही टोकांचे युनिव्हर्सल जॉइंट पाहिले. दोन्हींचे काटे एका रेषेत हवेत. आमचे एकमेकांना काटकोनात होते. नळी चौकोनी असते, त्यामुळे ती चार प्रकारे आत घालता येते. दोन बरोबर, दोन चूक. आधीच्या कोणीतरी चूक घातली होती.

यात फरक काय पडतो? थिअरी ऑफ मशीन्समधला हूक्स जॉइंट आठवा, ज्याचं डेरिव्हेशन आपण सगळ्यांनी पाठ केलं आणि पेपर झाल्यावर विसरलो. शाफ्ट तिरका असला की एक जॉइंट सारख्या वेगाने फिरवत नाही. कोन ३० अंशांचा असेल तर एका फेऱ्यात तो दोनदा १३ टक्के हळू आणि दोनदा १५ टक्के जोरात जातो. दुसरा जॉइंट बरोबर बसवला तर पहिल्याची चूक तो खोडून काढतो. उलटा बसवला तर चूक वाढते: २५ टक्के हळू, ३३ टक्के जोरात. यंत्र थडथडतं आणि गिअरचे दात झिजतात.

आणि गंमत पुढेच आहे. खोडाखोड पूर्ण व्हायला दोन्ही टोकांचे कोन सारखे असावे लागतात. गिअरबॉक्स एका पिनेवर मोकळा लोंबकळत असल्याने तो सपाट जमिनीवर नेहमी ओळंब्यात राहतो, आणि त्याचा आतला दांडा पीटीओला समांतर राहतो. मला वाटत होतं की लोंबता गिअरबॉक्स हा फक्त खड्डा सरळ जावा म्हणून आहे. एका पिनेत दोन कामं! ज्याने हे डिझाइन केलं त्याला मी मनातल्या मनात सलाम ठोकला. मिस्त्रीही म्हणाले, "असं असते होय? आम्ही त आजवर कशीबी घालत होतो." मी एवढी फुगले की विचारू नका.

मऊ बोल्ट

गिअरबॉक्सच्या टोकाला शाफ्टमधून आरपार एक बोल्ट असतो, शिअर बोल्ट. ऑगर दगडात अडकला की हा तुटतो आणि बाकी सगळं वाचतं. घरातल्या फ्यूजसारखा. ठेकेदाराने तिथे ८.८ ग्रेडचा कडक बोल्ट घातला होता, म्हणजे फ्यूजच्या जागी खिळा!

बोल्टच्या डोक्यावरचा पहिला आकडा गुणिले १०० म्हणजे त्याची ताकद मेगापास्कलमध्ये. ४.६ चा ४००, ८.८ चा ८००. ढोबळ हिशेब केला तर आमचा ८ मिलिमीटरचा ४.६ चा बोल्ट ४८० न्यूटन-मीटरच्या आसपास तुटायला हवा. ट्रॅक्टर देतो ३९०. म्हणजे रोजच्या कामाला पुरेल, पण झटका बसला की तुटेल. ८.८ चा त्याच्या दुप्पट टिकला असता, आणि मग तो १२० किलोचा पैलवान बोल्ट सोडून गिअरबॉक्स मोडत बसला असता. मी ४.६ चे डझनभर बोल्ट आणले. मुरमाच्या पट्ट्यात त्यातले चार तुटले. मामा कुरकुरला, पण गिअरबॉक्स शाबूत आहे.

दुपट्टा

इथपर्यंत लेख शहाणपणाचा होता. आता माझ्या चुकीबद्दल.

शाफ्टवर प्लॅस्टिकचं कव्हर असतं, गार्ड. शाफ्ट आत फिरतो, गार्ड स्थिर राहतो. शाफ्ट कापला तेव्हा गार्डही कापायला हवा होता. तो जुना होता, तडकलेला होता. मी तो काढून बाजूला ठेवला आणि म्हटलं, "आधी चालवून पाहू, मग लावू." मिस्त्री काही बोलले नाहीत, मामाही नाही. हे वाक्य माझं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा ट्रॅक्टरवर बसला. इंजिन स्लोवर होतं, पीटीओ चालू. मामाकडे वीसेक वर्षांपासून सालदार असलेले काका बाजूला उभे होते. मी लहान असताना मला बंडीत बसवून वावरात नेणारे हेच. ऊन होतं म्हणून त्यांच्या डोक्या-गळ्याला दुपट्टा होता. ऑगर नीट खुणेवर टेकला का ते पाहायला ते वाकले.

दुपट्ट्याचं टोक शिअर बोल्टच्या बाहेर आलेल्या डोक्याला लागलं.

मला आवाज आठवतो. कापड फाटल्याचा, बस. काका गुडघ्यावर आले आणि दुपट्टा शाफ्टभोवती गुंडाळलेला दिसला. मामाने क्लच दाबला तोवर सगळं होऊन गेलं होतं. कापड जुनं, विरलेलं होतं म्हणून फाटलं. नवा दुपट्टा असता तर फाटला नसता. काकांच्या मानेवर एका बाजूने कातडी सोलली होती. ते उठले, मानेला हात लावून पाहिला आणि मलाच म्हणाले, "भेऊ नको पोरी, काई नाई झालं."

रात्री झोप येईना म्हणून हिशेब केला. जो आधी करायला हवा होता. शाफ्टचा घेर साधारण २२ सेंटिमीटर. ५४० फेरे मिनिटाला म्हणजे सेकंदाला ९. म्हणजे सेकंदाला २ मीटर कापड तो ओढून घेतो. आमचं इंजिन स्लोवर होतं, म्हणून समजा एक मीटर. दुपट्टा केवढा असतो? माणसाला "अरे!" म्हणायला किती वेळ लागतो? मामाने पाय उचलून क्लचवर ठेवायला किती? कोणीही कितीही चपळ असलं तरी या शर्यतीत माणूस जिंकत नाही.

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये ओढणी आणि वेणी बांधल्याशिवाय आम्हाला लेथजवळ उभं करत नाहीत. मी स्वतः त्या दिवशी ओढणी कमरेला बांधली होती. नियम मला माहीत होता, फक्त तो माझ्यापुरता पाळला.

थ्रेशरमध्ये हात गेलेली माणसं विदर्भातल्या बऱ्याच गावांत दिसतात. अशा यंत्रांसाठी १९८३ साली आपल्या संसदेने डेंजरस मशीन्स (रेग्युलेशन) अ‍ॅक्ट नावाचा कायदा केला, पॉवर थ्रेशर त्यात येतो. पण वावरात बाभळीखाली कायदा उभा नसतो. तिथे आपण उभे असतो.

मी नागपूरला येऊन नवीन गार्ड घेऊन गेले. तो मापात कापला, दोन्ही टोकांच्या बारीक साखळ्या बांधल्या. त्या साखळ्या शोभेच्या नाहीत, त्यांच्यामुळे गार्ड शाफ्टबरोबर फिरत नाही. दोन दिवस काम थांबलं. मामा या वेळी कुरकुरला नाही.

आणि खड्डे?

झाले, सगळे ११२. त्यात शिकलेलं थोडक्यात सांगते.

ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक फक्त उचलतं, खाली दाबत नाही. ऑगर स्वतःच्या वजनानेच आत जातो. जमीन कडक असली की गावात सर्रास एखाद्या पोराला वजन म्हणून बूमवर उभं करतात. मामाही सांगणार होता, पण काकांच्या मानेकडे पाहून गप्प बसला. त्याऐवजी आम्ही आदल्या संध्याकाळी प्रत्येक खुणेवर एकेक घागर पाणी ओतलं आणि ऑगरच्या टोकाच्या पात्यांना धार लावली. काम सोपं झालं.

एका दमात पूर्ण खोल जायचं नाही. थोडं खोदा, वर उचला, माती झटका, पुन्हा खाली. नाहीतर काळ्या मातीत ऑगर स्क्रूसारखा रुतून बसतो. आमच्या ट्रॅक्टरचा पीटीओ उलटा फिरत नाही. आमचा एकदा रुतला, तेव्हा इंजिन बंद करून, चावी खिशात टाकून, मोठ्या पाइप पान्याने हाताने उलटा फिरवून काढला.

ओल्या काळ्या मातीत ऑगर खड्ड्याची भिंत लिंपल्यासारखी गुळगुळीत करतो. पाणी त्यात कुंडीसारखं साचतं, मुळं बाहेर शिरत नाहीत. संत्र्याला साचलेलं पाणी सगळ्यात वाईट, मूळकूज आणि डिंक्या त्यातूनच येतात. म्हणून भिंती सब्बलीने खरवडायच्याच.

तसाही १८ इंची ऑगर पाऊण मीटरच्या चौकोनी खड्ड्यातली जेमतेम २९ टक्के माती काढतो. मी हे मामाला हिशेब करून दाखवलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. पण मधलं भोक पडलं की कडेची माती आत ढासळवणं सोपं असतं. खरी मेहनत तापलेल्या जमिनीत पहिली सब्बल मारायची असते. ती यंत्राने केली, बाकीचं काका आणि आणखी दोघांनी सब्बल-फावड्याने केलं. आठ दिवसांत काम संपलं. मृगाला चार दिवस बाकी होते.

जाता जाता

हॉस्टेलमधल्या निम्म्या जणांच्या घरी वावर आहे. सुट्टीत घरी गेलात की कोणीतरी म्हणेलच, "इंजिनिअर आला, याले विचारा." तेव्हा डिगर असो, रोटाव्हेटर असो की थ्रेशर, एवढं पाहा. इंजिन बंद आणि चावी खिशात आहे का? पिनांना लिंच पिन आहेत का? शाफ्ट सगळ्यात खाली आणि सगळ्यात वर, दोन्हीकडे मोजला का? काटे एका रेषेत आहेत का? बोल्ट मऊ आहे का? आणि गार्ड लागलाय का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "नंतर लावू" असेल तर पीटीओ सुरू करू नका. सबमिशन एक्स्टेंड होतं, हे नाही.

दिवाळीत गावी गेले तेव्हा काकांसाठी इतवारीतून नवा दुपट्टा घेऊन गेले. त्यांनी तो घेतला, घडी मोडली, गळ्यात घातला आणि ट्रॅक्टरकडे निघाले. चार पावलांवर थांबले, दुपट्टा काढला, बाभळीच्या फांदीला अडकवला आणि मग पुढे गेले.